पिंडापुढचा शब्द

"तू बोल बाई. आमचं समद्यांचं बोलून झालं. आता तू बोल."

रत्नाबाईंचा हा आवाज वर्ष सरत आलं तरी उषाच्या कानातून गेला नव्हता. सकाळी तुळशीला पाणी घालायला ती वाकली की तो हटकून यायचा. आवाज मोठा नव्हता. रडून घसा बसलेल्या बाईचा आवाज असतो तसा, पाट्यावर काहीतरी कोरडंच वाटावं तसा.

पौडच्या नदीघाटावर त्या दिवशी कैलासचा दहावा होता. कैलास रत्नाबाईंचा धाकटा. भूगावच्या एका सोसायटीत मैलापाण्याच्या टाकीत उतरला आणि वर आला तो चौघांच्या खांद्यांवरच. पिंड ठेवून झाला, मंडळी मागे सरली. पलीकडच्या झाडावर कावळे भरपूर होते, पण खाली एक उतरेना. थोरल्या भावाने, बहिरूने, हात जोडून सांगितलं की तुझ्या पोरींना अंतर देणार नाही. बायको पिंकी पदराआड काहीबाही पुटपुटली. मामांनी सांगून पाहिलं, चुलत्यांनी सांगून पाहिलं. कुणी म्हणालं, गाईत जीव अडकला असेल, गाय विकणार नाही म्हणा. तेही म्हणून झालं. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले आणि गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. तेव्हा रत्नाबाईंनी गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या उषाचं मनगट धरलं आणि तिला ओढतच पुढे आणलं.

उषा एका पुणेरी दैनिकाची तालुक्याची वार्ताहर. मिटिंगा, अपघात, ग्रामसभा, बैलगाड्यांच्या शर्यती, जे असेल ते लिहून पाठवायची. पण त्या दिवशी ती बातमीला आली नव्हती.

"काय बोलू, मावशी?"

"त्यो पीत न्हवता म्हून सांग. पेपरानं लावलंय, पेपरानंच पुसाय पायजे."

उषाने डोक्यावरून पदर घेतला. ती सोमवार धरणारी, रोज पोथीचं पान वाचल्याशिवाय अन्नाला न शिवणारी बाई. पिंडापुढे उगाच काही बोलायचं नसतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणून ती मोजकंच बोलली. "कैलासभाऊ, तुम्ही दारू प्यायला नव्हता. हे मी छापून आणीन."

कावळा आला. पाठोपाठ दुसरा आला. घाटावरच्या बायांनी एकदम हंबरडा फोडला. रत्नाबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी उषाच्या मनगटावरचा हात काढला आणि कपाळाला लावला.

परत येताना चाँदभाई बरोबर होते. पौडच्या बाजारात त्यांचा छापखाना. लग्नाच्या पत्रिका, दहाव्याची कार्डं आणि दर गुरुवारी एक चार पानी साप्ताहिक, जे लोक निधनवार्ता वाचायला घेतात आणि मग त्यात भजी बांधतात, असं ते स्वतःच सांगायचे. मोटारसायकलला किक मारता मारता ते म्हणाले, "उषाताई, आपल्या धंद्यात छापल्यालं खोडता येतं. पर हितं तुमी जे बोललाव, त्याला खोडरबर न्हाई बरं का."

*

झालं होतं ते असं.

ती सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी कैलासच्याच घरची. जिथे त्यांचं भाताचं खाचर होतं, बरोबर तिथेच आता मैलापाण्याची टाकी. पैसा आला तसा गेला, आणि मालकाचा पोरगा ठेकेदाराच्या हाताखाली आपल्याच जमिनीवर झाडू मारायला लागला. टाकीत माणूस उतरवायचा तर घाण सोसवत नाही, म्हणून ठेकेदार आधी दारूचा पाव पाजतो, ही तिथली रीत. कैलास माळकरी. त्याने बाटलीला हात लावला नाही. पण उतरण्याआधी त्याने एक गोष्ट केली. गळ्यातली तुळशीची माळ काढून पंपाच्या व्हॉल्व्हच्या चाकाला अडकवली. देवाला मैल्यात कसं न्यायचं?

आत विषारी वायू साचलेला. कैलास दोन पायऱ्या उतरला आणि कोसळला.

वर काढला तेव्हा गळा मोकळा, आणि कट्ट्यावर इतरांसाठी आणलेली बाटली. माळ काढणारा तो माळकरी कसला, असं पंचनाम्याला आलेले गावचेच लोक म्हणाले. ठेकेदाराने पिऊन पडला म्हणून सांगितलं, हवालदाराने लिहून घेतलं, आणि दैनिकाच्या पुण्यातल्या संपादकीय डेस्कने पोलिसांकडून फोनवर आलं तसं चार ओळींत लावून टाकलं. मद्यधुंद अवस्थेत तोल जाऊन कामगाराचा मृत्यू. वर नेहमीप्रमाणे ठिकाण: पौड, वार्ताहर. आता पौडचा वार्ताहर म्हणजे कोण हे अख्ख्या तालुक्याला माहीत. उषाने ती बातमी पाहिली ती इतरांबरोबरच, सकाळी, चहाबरोबर.

ती त्याच दिवशी सोसायटीत गेली. वॉचमनने इकडेतिकडे बघून पंपाच्या खोलीचं दार उघडलं. माळ तिथेच होती. गंजक्या चाकावर, नीट दोन वेढे देऊन, परत घालायची आहे अशा बेताने ठेवलेली. उषाने मोबाइलमध्ये फोटो घेतला, मग हात जोडले, माळ काढून पदरात बांधली आणि रत्नाबाईंच्या ओटीत नेऊन घातली. दहाव्याला तिला बोलावलं गेलं ते त्यामुळे.

पुढे उषा पेटून उठल्यासारखी हिंडली. महाळुंगे, भूगाव, कासारसाईच्या वाटेवरच्या नव्या वसाहती. कुठे कुठे माणसं अशी उतरवली जातात, कोण गेले, कोणाचं प्रकरण गावातच मिटलं. लेखमाला आली. माळेचा फोटो पहिल्या पानावर, चांगला मोठा. लोकांनी तो फोनवरून एकमेकांना पाठवला. पण लेखातलं एक वाक्य दर वेळी गळायचं. "कैलास दारू प्यायलेला नव्हता, त्या वेळी प्रसिद्ध झालेली माहिती चुकीची होती." उषा घालायची, डेस्कवर ते निघायचं. व्हिसेराचा अहवाल आला, पोटात दारूचा अंशही नाही असं त्यात स्वच्छ लिहिलेलं, तो तिने जोडून पाठवला. तरी निघालं. वृत्तसंपादक शेखर सरांना तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आपणच आपल्याला खोटं म्हटलं की मालिकेची धार जाते; वाचकाला कळायचं ते कळतंच. उषाला वाटलं, आज नाही तर उद्या. उद्या उद्या करत महिने गेले.

*

आणि मग श्रावणातल्या एका सोमवारी शेखर सरांनी तिला पुण्याच्या कचेरीत बोलावून घेतलं. टेबलावर कागदात साबुदाणे वडे होते. "तुमचा उपास ना? मुद्दाम मागवलेत," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

पुण्यातली एक जुनी, नावाजलेली संस्था दर वर्षी ग्रामीण पत्रकारितेचा पुरस्कार देत असे. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह तर होतंच, पण ज्याला तो मिळाला तो वार्ताहर पुढे वार्ताहर राहत नसे. कचेरीत खुर्ची मिळे. उषाची लेखमाला पाठवायचं कचेरीने ठरवलं होतं. कात्रणं स्वच्छ चिकटवलेली फाइल तयार होती, माळेच्या फोटोची मोठी प्रत, उषाचा परिचय, सगळं. तिच्याकडून दोनच गोष्टी राहिल्या होत्या. फोटोला घरच्यांची संमती, आणि शेवटच्या पानावर तिची सही.

उषाने शेवटचं पान वाचलं. या घटनेबाबत आमच्या दैनिकात प्रसिद्ध झालेला सर्व मजकूर सोबत जोडला आहे.

"सर, ती पहिली चार ओळींची बातमी यात नाही."

"ती बातमी थोडीच आहे? पोलिसांचं टिपण आहे."

"आपल्या पेपरात आलीय. माझ्या गावाच्या नावाने."

शेखर सरांनी वडा अर्धा मोडला आणि तसाच ठेवला. त्यांचं म्हणणं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ती जोडली तर परीक्षक पहिला प्रश्न विचारणार की मग दुरुस्ती कधी छापलीत. तिथेच फाइल बाजूला पडेल. एवढ्या वर्षांत तालुक्यातलं कोणी इथवर आलेलं नाही. तिने उन्हातान्हात पाय झिजवले ते काय चार ओळींसाठी वाया घालवायचे?

"तुम्ही पुरस्कार घ्या," ते म्हणाले, "मग स्टेजवरून बोला ना त्याच्याबद्दल. तिथे कोण अडवतंय?"

फाइल छातीशी धरून उषा भूगावच्या बसमध्ये चढली. खोटं कशाला सांगायचं, वाटेत तिने स्वतःला त्या स्टेजवर पाहिलंही. खांद्यावर शाल, समोर लोक. आपले वडील असते तर, असंही मनात येऊन गेलं.

*

रत्नाबाई ओसरीवर वाल सोलत होत्या. भिंतीवर कैलासचा फोटो, आणि त्याला हाराच्या जागी ती माळ. उषाला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं, बस म्हणाल्या, पिंकीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. उषाने उपासाचं सांगितल्यावर दूध आलं.

आल्या कामाचं कसं बोलावं हे तिला सुचेना. पिंकीनेच बोलायला सुरुवात केली. कामगारांच्या कोर्टात तारीख झाली होती. नवरा कामावर असताना गेला, तर ठेकेदाराने भरपाई द्यायला हवी, असा त्यांचा दावा. ठेकेदाराच्या वकिलाने सगळ्यांदेखत पेपराचं कात्रण काढलं आणि वाचून दाखवलं. मद्यधुंद अवस्थेत. "आमी म्हणलं अहवाल हाय. तर त्यो म्हणला, अहवाल कुटं कुटं बदलत्यात, पर पेपरवाल्यांचं काय वैर व्हतं का तुमच्याशी? त्यांनी तर तुमच्यासाठी केवढं लिवलं, मग ह्ये खोटं हाय असं का न्हाई लिवलं?" पिंकी उषाकडे वळली. "मला न्हाई उत्तर देता आलं, ताई. मीबी तेच म्हणलं मनात. का न्हाई लिवलं?"

दुधावर साय धरली होती. उषाने पेला खाली ठेवला.

मग तिने पुरस्काराचं सांगितलं. फाइल, फोटो, संमती, सगळं. सही करायची ती ओळही वाचून दाखवली. लपवलं काही नाही.

रत्नाबाईंनी ऐकून घेतलं. "म्हंजी ह्या माळंच्या फोटूला बक्षीस."

"हो."

"आन ती का काढली व्हती त्यानं, ते?"

उषाने फाइल मिटली, संमतीचा कागद तेवढा हातात राहिला.

"मी घाटावर उभी व्हते बाई," रत्नाबाई म्हणाल्या. आवाज तोच, घसा बसलेला. "माज्या शब्दावर न्हाई आला त्यो. आईच्या शब्दावर न्हाई आला. बायकुच्या न्हाई, भावाच्या न्हाई. तुज्या शब्दावर आला आन खाऊन गेला. मला वाटलं सुटला माजा ल्योक. आता सांग, सुटला का फसला?"

पिंकीने "आत्याबाई" म्हणून त्यांना आवरायला हात पुढे केला. पण रत्नाबाई चिडलेल्या नव्हत्याच. त्यांनी उषाच्या हातातला संमतीचा कागद ओढून घेतला, कुठं लावायचा ते विचारलं, पिंकीच्या पेनाची शाई अंगठ्याला फासली आणि कागदावर ठसा उठवला. अंगठा पदराला पुसून त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात घेतलं.

"ने. तुला तरी कायतरी गावू दे त्याच्यातनं. वर्षश्राद्धाला ये जेवायला."

*

उषाने फाइल घरी आणून देवघरापाशी ठेवली आणि त्या दिवशी उपास सोडला नाही.

सकाळी अंघोळ करून तिने दिवा लावला. पोथी काढली. वाचायचं पान उघडं पडलं तरी ओळी पुढे सरकेनात. तिने पोथी मिटून कपाळाला लावली. इतक्या वर्षांत नेम पहिल्यांदा अर्धा राहिला. रागावू नकोस, असं ती देवाला म्हणाली, आधी दुसऱ्या एकाचं देणं आहे.

मग तिने फाइल उघडली. संमतीचा कागद काढून वेगळा ठेवला, तो रत्नाबाईंना परत द्यायचा होता. शेवटच्या पानावर सहीची जागा कोरीच ठेवून तिने फाइल मिटली आणि वर एक चिठ्ठी टाचली: शेखर सर, पूर्ण नाही, म्हणून परत पाठवते आहे. ती फाइल सकाळच्या पेपरच्या गाडीवाल्याकडे गेली.

मग एक कोरा कागद घेतला. लिहायला फार वेळ लागला नाही, कारण ते वाक्य तिने इतक्या वेळा लिहिलं होतं. कैलास दारू प्यायलेले नव्हते. आमच्या दैनिकात आलेली बातमी चुकीची होती. त्यांनी माळ काढली ती देव मैल्यात नेऊ नये म्हणून. खाली तिने पूर्ण नाव घातलं, आणि नावाखाली दैनिकाचं नाव आणि वार्ताहर, पौड. ते घातल्यावर आपण उद्या त्या दैनिकाच्या वार्ताहर नसू, हे तिला लिहितानाच कळत होतं. तरी तिने ते खोडलं नाही.

चाँदभाईंना फोन केला. या गुरुवारच्या अंकात जागा आहे का, तिने विचारलं. काय छापायचंय तेही सांगितलं. पलीकडे यंत्राची खडखड चालू होती.

"ताई, आमचं फडकं. भजी बांधत्यात त्याच्यात," ते म्हणाले. "कोर्टात कोन इचारनार त्याला?"

"वकील कात्रणच दाखवतोय ना, चाँदभाई. मावशींच्या हातातही एक असू दे."

"तुमची नोकरी?"

उषाने कागदावरची शेवटची ओळ वाचून दाखवली. पलीकडची खडखड थांबली. "या," चाँदभाई म्हणाले. "पहिलं पान मोकळं करतो."

तिने व्हिसेराच्या अहवालाची झेरॉक्स, ती चार ओळींची बातमी आणि आपला कागद एका पिशवीत घातला. तुळशीपाशी थांबून तिने डोक्यावर पदर घेतला, घाटावर घेतला होता तसा. गाडी सुरू करून ती बाजाराच्या रस्त्याला लागली. आभाळ भरून आलं होतं आणि पिशवीतले कागद भिजू नयेत म्हणून तिने ती पदराखाली, पोटाशी बांधली होती.