कडूभाऊंची मान आणि मी

मी वस्तरा. बोलतोय खरा, पण आवाज तुमच्यापर्यंत येत असेल याची मला खात्री नाही, कारण माझ्या चहूबाजूंनी तीन बोटं जाड रेझिन आहे. काचेसारखं स्वच्छ आणि दगडासारखं घट्ट. माझं पातं अर्धं उघडं राहिलंय. ते मिटता येत नाही आणि पुरतं उघडताही येत नाही. शेजारी झेंडूच्या सहा पाकळ्या आहेत, त्या सुकतही नाहीत. पात्याच्या टोकाशी हवेचा एक बुडबुडा आहे. दोन वर्षं मी त्याच्याकडे बघतोय, तो जागचा हललेला नाही.

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत नीलेशचं सलून आहे. तिथल्या मोठ्या आरशाच्या वर मला ठेवलंय. सलूनच्या मागच्या दारातून आत गेलं की त्यांचं घर. नीलेशची बायको प्रतिभा मोबाईलवर बघून बघून रेझिनचं काम शिकली. लोक लग्नातल्या वरमाला तिच्याकडे आणतात, ती त्या कायमच्या जपून देते. नव्या सलूनच्या उद्घाटनाला तिनं सासऱ्यांची, म्हणजे कडूभाऊंची आठवण म्हणून मलाही जपलं. साच्यात आडवं ठेवलं, वरून ते दाट पाणी ओतलं, आणि बघता बघता सगळे आवाज दबके झाले. तिनं हे मायेनं केलं. रागानं कोंडलं असतं तर मला निदान भांडता आलं असतं.

माझा जन्म याच गावातल्या इतवारा मोहल्ल्यातल्या एका लोहाराच्या भट्टीतला. कडूभाऊ तेव्हा वीस वर्षांचे होते. लोहाराच्या समोर उकिडवं बसून त्यांनी मला घडवून घेतलं, आणि म्हशीच्या शिंगाची मूठ स्वतःच्या हातानं घासून गुळगुळीत केली. मग मी त्यांच्या धोकटीत राहायला गेलो. धोकटी म्हणजे कातडी पिशवी. आत कात्री, ब्रश, तुरटीचा खडा आणि मी. तिथंही अंधारच होता, पण तो अंधार रोज सकाळी उघडायचा.

इतवाऱ्यात एक लाकडी खुर्ची आणि एक तडा गेलेला आरसा, एवढंच आमचं दुकान. बाजूच्या घरांतून कापडाच्या मागांचा खडखडाट दिवसभर चालू. शाहपूरहून केळीचे शेतकरी बाजाराला आले की आधी आमच्याकडे येत. त्यांच्या सदऱ्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे आणि मानेवर उन्हानं भाजलेली कातडी. तेच माझं खरं काम. गाल कोणालाही करता येतो, मान मात्र सगळ्यांना जमत नाही.

कडूभाऊंची एक पद्धत होती. गिऱ्हाईक बसलं की ते आधी कोरड्या मानेवरून चार बोटं उलटी करून फिरवायचे. वरून खाली, खालून वर, मग आडवी. जिकडे जाताना बोटांना खरखर लागेल ती केसांची उलटी बाजू. जिकडे बोटं अलगद सरकतील ती सुलटी. बहुतेकांच्या मानेवर कुठे ना कुठे एक भोवरा असतो, तिथे केस गोल फिरतात. तो भोवरा सापडेपर्यंत ते मला उघडत नसत. मग गरम पाण्यात पिळलेला पंचा मानेवर, मग भरपूर फेस. शेवटी खुर्चीच्या हाताला माझी मूठ दोनदा ठोकायची, टक टक. ही आमची काम सुरू करायची खूण होती.

डाव्या अंगठ्यानं ते कातडी ताणायचे आणि मला जवळजवळ आडवा झोपवून केसांच्या बाजूनं न्यायचे. कधी दाबलं नाही. माझं वजन पुरे, असं त्यांचं म्हणणं. खुंट राहिलाच तर पुन्हा फेस लावून आडवा हात. मानेवर खालून वर तर कधीच नाही. नंतर गार पाणी आणि तुरटी. एवढ्यात अर्धी गिऱ्हाइकं खुर्चीतच घोरायला लागायची. कोणी घोरू लागलं की कडूभाऊ खूश. त्यांच्या हाताची तारीफ त्याहून चांगली कोणी केली नाही.

त्यांना बोलायला फार लागायचं. शाहपूरचा विनायक एकदा हटूनच बसला. "कडूभाऊ, एकदम चिकनी करा. आज मुलगी पाहायला जायचं."

"गाल चिकना करून देतो ना भाऊ," कडूभाऊ म्हणाले. "पण गर्दनीवर उलटा हात मारणार नाही. केस कातडीच्या आत कापला जातो, मग तो आतच वळतो अन् दाणा करतो. तू काय मुलीसमोर गर्दन खाजवत बसणार?"

विनायक हसला आणि दोन मिनिटांत झोपी गेला.

अशी बावन्न वर्षं गेली. मग कडूभाऊंचा हात थरथरू लागला, त्यांनी मला धोकटीतून काढून नीलेशच्या हातात दिलं आणि नीलेशनं प्रतिभाच्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

नीलेश अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरतो. दर माणसाला नवं ब्लेड. रोगराईचे दिवस आहेत, ते योग्यच आहे, त्यावर माझी तक्रार नाही. त्याचा हातही वाईट नाही, फक्त घाईचा आहे. अमोल नावाचा एक तरुण दर शनिवारी येतो. "भैया, गर्दन एकदम स्मूथ पाहिजे, फोटोशूट है," असं तो म्हणाला की नीलेश खालून वर सरकन हात मारतो. पुढच्या शनिवारी अमोलच्या मानेवर लाल दाणे. नीलेश त्यावर थंडगार जेल चोळतो आणि सांगतो, "तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे." हे तो सगळ्यांनाच सांगतो. एकट्या लालबागेत एवढी नाजूक कातडी कुठून आली, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याच्या स्वतःच्या कॉलरखाली तेच दाणे आहेत. मला वरून ते स्पष्ट दिसतात. मी आत ओरडतो, आणि माझं ओरडणं त्या बुडबुड्यापर्यंतही जात नाही.

आठ महिन्यांपूर्वी कडूभाऊंना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बावन्न वर्षं ज्यांनी खुर्चीतल्या प्रत्येक माणसाशी गप्पा मारल्या, त्यांच्या तोंडून आता फक्त एक लांबट "आं" निघतो. त्यांना पहिल्यांदा काठी टेकत सलूनमध्ये येताना पाहिलं, तेव्हा मला वाटलं की यांनाही कोणीतरी साच्यात घालून वरून ओतलंय.

मंगळवारी सलून बंद असतं, म्हणून नीलेश मंगळवारी वडिलांची दाढी करू लागला. पहिल्या काही वेळा कडूभाऊंनी सोसलं. म्हाताऱ्याची सैल कातडी, त्यावर थोडासा फेस, आणि खालून वर झपझप हात. मग एका मंगळवारी ब्लेड मानेशी आलं तसं त्यांनी तोंड फिरवलं. डाव्या हातानं नीलेशचा हात दूर ढकलला.

"काय झालं बाबांना?" नीलेश वैतागला.

प्रतिभा म्हणाली, "अहो, आज मंगळवार ना. त्यांनी आयुष्यात मंगळवारी वस्तरा हातात धरला नाही. म्हणून ते ऐकत नाहीत."

पटण्यासारखंच होतं. कडूभाऊ मंगळवारी धोकटीची गाठसुद्धा सोडत नसत. मग बुधवार धरला. बुधवारीही त्यांनी मान फिरवली. कॅलेंडर काढून बघितलं तर त्या दिवशी एकादशी निघाली. मग शुक्रवार. शुक्रवारी प्रदोष. गुरुवारी घरात उपवास, शनिवारी शनी, रविवारी दुकानात गर्दी. दोघं नवराबायको कॅलेंडर पुढे धरून म्हाताऱ्याला कोणता वार चालेल ते शोधत राहिली, आणि म्हाताऱ्याची मान कोणीच बघितली नाही. बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. मला इतका राग आला होता की काय सांगू.

दीड महिना गेला. कडूभाऊंची दाढी पांढरी, वेडीवाकडी वाढली. ज्या माणसानं गावाला नीटनेटकं केलं तो डाव्या हातानं मान खाजवत दारात बसायचा. त्यातच नातीचा, निशाचा साखरपुडा ठरला. घरापुढच्या मांडवातच करायचा होता.

एका दुपारी नीलेश प्रतिभाला म्हणाला, "पाहुण्यांसमोर बाबांना असं कसं बसवायचं? सलूनवाल्याचा बाप अन् अशी दाढी. लोक काय बोलतील?"

"मग?"

"मागच्या खोलीत राहू दे. तिथंच जेवण देऊ. बाहेरून कडी लावून घे, नाहीतर काठी टेकत येऊन जातील."

कडूभाऊ सलूनच्या बाकावरच बसले होते. त्यांची वाचा गेली होती, कान गेले नव्हते. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं आणि मग वर, माझ्याकडे. बाहेरून कडी म्हणजे काय ते त्या घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नीलेशनं शेवटचा प्रयत्न केला. कडूभाऊंना खुर्चीत बसवलं. "प्रतिभा, तू डोकं धर. आज करूनच टाकतो."

प्रतिभानं घाबरत घाबरत दोन्ही हातांनी डोकं धरलं. नीलेशनं हनुवटीखाली फेस लावला आणि खालून वर हात मारला. कडूभाऊंच्या तोंडून "आं" निघाला आणि त्यांनी डाव्या हातानं नीलेशचं मनगट पकडलं. वस्तरा खाली पडला.

"बाबा, काहून असं करून राहिले तुम्ही?" नीलेशचा आवाज चढला. "निशासाठी तरी ऐका ना! मला काय हौस आहे का तुम्हाला कोंडून ठेवायची?"

कडूभाऊंनी मनगट सोडलं. मग त्यांचा डावा हात वर गेला, नीलेशच्या कॉलरपाशी. मला वाटलं, थोबाडीत मारतात की काय. त्यांनी चार बोटं उलटी केली आणि मुलाच्या दोन दिवसांच्या खुंटावरून फिरवली. वरून खाली. खालून वर. मग आडवी. डाव्या कानाखाली येऊन ती बोटं थांबली आणि तिथेच गोल फिरली.

नीलेश जागच्या जागी उभा राहिला. सोळा वर्षांचा असताना इतवाऱ्याच्या त्या लाकडी खुर्चीत त्याची पहिली दाढी मीच केली होती. तेव्हा याच बोटांनी त्याच जागी थांबून सांगितलं होतं, "हा तुझा भोवरा. याला सांभाळ."

"भोवरा," नीलेश म्हणाला. मग त्यानं ओल्या टॉवेलनं वडिलांच्या मानेवरचा फेस पुसला आणि स्वतःची बोटं उलटी करून तिथे लावली. दाढीखाली बोटांना गाठी लागल्या. दीड महिना ब्लेड लागलं नव्हतं, तरी आत वळलेले केस तसेच अडकून बसले होते.

"प्रतिभा, हे बघ. वाराचं काही नव्हतं गं. मीच केलंय हे." तो वडिलांच्या पायाशी बसला. "बाबा, आग होत होती ना? त्या मंगळवारपासून हेच सांगत होते ना तुम्ही मला?"

कडूभाऊंचा अर्धा चेहरा हसला. दुसऱ्या अर्ध्याला जमलं नाही.

मग नीलेशनं पाणी गरम केलं. पंचा दोनदा पिळून मानेवर ठेवला. फेस इतका केला की कडूभाऊंनी डोळे मिटले. नवं ब्लेड घातलं, अंगठ्यानं कातडी ताणली आणि वरून खाली, हलक्या हातानं, भोवऱ्यापाशी वळून. गाठींवरून त्यानं ब्लेड नेलंच नाही, तिथले केस मशीननं बारीक केले. गार पाणी, तुरटी. मी वरून एकेक हात मोजत होतो आणि मला चूक सापडेना. नीलेशनं पंचा बाजूला केला तेव्हा कडूभाऊ घोरत होते.

साखरपुड्याला ते मांडवात पहिल्या ओळीत बसले. निशा पाया पडायला वाकली आणि म्हणाली, "आजोबा, आज तर तुम्हीच हिरो दिसून राहिले!" मागच्या खोलीला कडी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी नीलेशनं मला खाली उतरवलं. "याला बाहेर काढता येईल का गं?"

प्रतिभानं मला उजेडात धरून खूप वेळ पाहिलं. "फोडावं लागेल. शिंगाची मूठ टिकणार नाही."

नीलेशनं मान हलवली, मला फडक्यानं पुसलं आणि आरशावर न ठेवता खुर्चीसमोरच्या फळीवर ठेवलं. माझा निकाल असा लागला. पाकळ्या आहेत, बुडबुडा आहे, मी आहे. प्रतिभावर माझा राग नाही. पण खोटं कशाला बोलू, सुटका होईल असं मला क्षणभर खरंच वाटलं होतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या सकाळी आरशापुढे उभे राहाल तेव्हा ब्लेड उचलण्याआधी मानेवरून उलटी बोटं फिरवा. कातडी काय सांगते ते ऐका, गरम पाण्याला दोन मिनिटं द्या, दाबू नका, आणि केसांच्या बाजूनं जा. आणि घरात कोणाची दाढी तुम्ही करत असाल, त्याला बोलता येत नसेल, तर आधी त्याची मान बघा आणि मग कॅलेंडर.

परवा बुधवारी कडूभाऊ पुन्हा खुर्चीत बसले. नीलेशनं बोटं फिरवली, पंचा ठेवला, फेस केला. तेवढ्यात कडूभाऊंनी डावा हात पुढे केला आणि माझ्या रेझिनवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं, टक टक. त्या खुणेनं मी आतल्या आत तयार झालो. नीलेशनं हातातला वस्तरा उघडला आणि वरून खाली, सावकाश, काम सुरू केलं. मी अजून तयारच आहे.