हाताशी असलेलं झाकण

गल्लीत सगळे त्याला ‘बंबवाला’ म्हणत. अग्निशमन दलात वीस वर्षं नोकरी, वर शाळा-कारखान्यांतून व्याख्यानं. “तेल पेटलं तर पाणी घालू नका! गॅस बंद करा, झाकण ठेवा, कढई हलवू नका,” हे तो इतकं रंगवून सांगे की माणसं टाळ्या वाजवत.

घरी मात्र आईचा दंडक होता : बाप्या माणसानं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. त्याला तो सोयीचाच होता. पाण्याचा पेलासुद्धा हातात येई. एकदा बायकोनं विचारलं होतं, “अहो, लोकांना शिकवता ते मलाही सांगा की.”

“तुला कशाला नसत्या चौकशा? आधी भाजीत मीठ नीट घाल.” तीही हसली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

त्या रविवारी तो बाहेर बुटांना पॉलिश करत होता. आत बायको तळण तळत होती. सासूबाईंनी औषधासाठी हाक मारली. हाकेसरशी हातातलं टाकून यायचं, ही त्या घरची रीत. ती परतली तो कढई पेटलेली. घाबरून तिनं तांब्याभर पाणी ओतलं आणि भडका छताला भिडला, तिचा पदरही पेटला. बंबवाल्यानं उंबरा ओलांडला तो गोधडी घेऊनच. झाकण खुंटीवर होतं, तिच्या हातापासून वीतभर.

आठव्या दिवशी ती गेली. शुद्ध होती तोवर म्हणत होती, “माझंच चुकलं हो.” शेजारपाजारही म्हणाला, वेंधळीच होती बिचारी. त्याला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

महिन्याभरात अकरा वर्षांची लेक गॅसपाशी उभी राहिली. तिनं कढईत तेल तापत ठेवलं होतं. तो आत गेला, खुंटीवरचं झाकण तिच्या हातात दिलं आणि सगळं समजावून सांगितलं.

“बाबा, आईला हे माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

“तुम्हाला होतं ना?”

तेवढ्यात बाहेरून आजीनं हाक मारली. “अगं ए, औषध दे!”

पोर झाकण ओट्यावर टाकून धावली. कढईखाली गॅस तसाच चालू. त्यानं तो बंद केला.

उद्या या वेळी तो कामावर असणार होता.