गोळीची जागा

आमच्या शिकारमंडळाचे नियम मी लिहिले आहेत. त्यातला चौथा असा: बार टाकणाऱ्याने आपली जागा सोडायची नाही, गोळी कुठून कुठे गेली ते वायरलेसवर लगेच सांगायचं, मग बंदुकीचा बोल्ट, ज्याच्याशिवाय ती उडत नाही, काढून प्रमुखाच्या हातात द्यायचा आणि जिथे जनावर होतं ती जागा स्वतः चालत जाऊन दाखवायची. पाचवा: शंभर मीटरपलीकडच्या अस्वलावर गोळी नाही.

बोल्ट काढून घेण्याचं कारण साधं आहे. नुकताच बार टाकलेल्या माणसाचे हात थरथरत असतात. जखमी अस्वलाच्या मागावर चार माणसं दाट झाडीत शिरलेली असताना थरथरत्या हातातली भरलेली बंदूक अस्वलापेक्षा वाईट.

नियम मंजूर झाले त्या बैठकीत म्हातारा तौनो म्हणाला होता, "आर्वो, एवढं सगळं अस्वलाला वाचून दाखव. कंटाळून मरेल बिचारं, गोळीसुद्धा वाचेल."

सगळे हसले. मी हसलो नाही. मला ते नियम महत्त्वाचे वाटत होते. अजूनही वाटतात.

ऑगस्टच्या विसाव्या तारखेला, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, राइयाने आम्हा पाच जणांना पहाटे जंगलातल्या खडीच्या रस्त्यावर उभं केलं. राइया आमची प्रमुख. तीस वर्षं तिने दवाखान्यात नर्स म्हणून काढली आणि ती एकच गोष्ट दोनदा सांगत नाही. उत्तरेला ओटचं शेत होतं. तिथे एक मोठं नर अस्वल आठवडाभर रोज रात्री चरून जात होतं. माझी जागा तिसरी, पिवळी फीत बांधलेल्या बर्चखाली. माझ्या दक्षिणेला आल्डरची झुडपं, त्यांच्यामागे ओढा, ओढ्यापलीकडे दलदल आणि दलदलीच्या टोकाला स्प्रूसची गच्च झाडी.

सहाला थोडं कमी असताना मला ते दिसलं. रात्रीच रस्ता ओलांडून ते दक्षिणेला गेलं होतं आणि आता दलदलीच्या कडेने स्प्रूसकडे चाललं होतं. झुडपांमुळे नीट दिसेना. ओढ्याकाठी एक मोठा दगड आहे. मी तिथवर गेलो. साठ पावलं. दगडावर बंदूक टेकवली. अंतर दीडशेच्या वर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. अस्वल चालत होतं आणि तिरकं होतं. मी गोळी झाडली.

अस्वलाने पाठ कमानीसारखी वर उचलली आणि ते झाडीत गेलं.

पाठ तशी वर गेली म्हणजे गोळी पोटात. हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी स्वतः शिकवलं आहे.

वायरलेसवर राइयाचा आवाज आला. "बार कुणाचा?"

"तीन नंबर," मी म्हणालो. तोवर मी धावत बर्चखाली परत आलो होतो. "अस्वल दक्षिणेकडून आलं, रस्ता ओलांडून उत्तरेला गेलं. अंतर सत्तर. बहुतेक चुकली."

खोटं आधी ठरवलं नव्हतं. जागा सोडली हे सांगायचं नव्हतं, आणि त्या एका गोष्टीपायी बाकीचं आपोआप जुळत गेलं. जागा सोडणाऱ्याला आमच्याकडे माफी नाही. इतरांच्या गोळ्यांच्या दिशा त्या जागांवरून ठरतात. शेजारच्या तालुक्यात असाच एक जण गोळी लागून मेला होता. मंडळातून नाव काढलं असतं, परवाना गेला असता. पण खरं सांगायचं तर भीती त्याची नव्हती. नियम कुणी लिहिले ते सगळ्यांना आठवेल, ही भीती होती.

मी बोल्ट काढून राइयाच्या हातात दिला आणि तिला रस्त्यावरची एक जागा दाखवली. खडीवर पाऊल उमटत नाही. तौनो आपली मुस्ती घेऊन आला. मुस्ती काळी-पांढरी कुत्री, अस्वलाच्या मागावरची. तिने रस्ता हुंगला, मानेवरचे केस उभे केले आणि दोरी ताणून दक्षिणेला, ओढ्याकडे ओढायला लागली.

"ही उलटी का ओढतेय?" तौनोने विचारलं.

"आलं तिकडूनच ना," मी म्हणालो. "आल्या वाटेचा वास घेतेय."

तौनो माझ्याकडे बघत राहिला. मुस्ती दिशा चुकत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. बायकोपेक्षा कुत्रीवर त्याचा जास्त विश्वास, असं गावात म्हणत. त्या दिवशी त्याने कुत्रीला सोडून माझ्यावर विश्वास ठेवला.

"चल गं, म्हातारी झालीस," तो तिला म्हणाला आणि तिला उत्तरेला वळवलं.

दोन तास आम्ही उत्तरेला शोधलं. रक्त नाही, केस नाही. साडेआठला राइयाने नेम चुकल्याचं ठरवलं आणि गावातल्या सगळ्यांना मोबाइलवर निरोप धाडला: शिकार थांबली आहे, जंगल मोकळं.

खोपट्यात शेकोटीवर कॉफी उकळली. राइयाने माझा बोल्ट मला परत दिला. तौनोने राय या धान्याच्या पिठाच्या, भात भरलेल्या, उघड्या तोंडाच्या करंज्या काढल्या. त्याच्या बहिणीने, लेम्पीने, पहाटे भाजलेल्या.

"नियम, नियम," तौनो म्हणाला. "माझ्या बापाच्या वेळी एकच नियम होता. घायाळ केलंस तर मागे जा. रात्र होवो, दिवस होवो. बाकीचं हेलसिंकीत बसून लिहितात, ज्यांनी अस्वल खेळण्याच्या दुकानात पाहिलंय."

"तुझ्या बापाने पिलांसकट माद्या मारल्या," राइया म्हणाली.

"मारल्या. पण घायाळ सोडून घरी कधी आला नाही."

"आर्वोला विचार. त्याने दोन्ही लिहिलंय."

"आर्वो आज गप्प आहे," तौनो म्हणाला. "नेम चुकला की माणसाला तोंड नसतं. होतं रे. पुढच्या वेळी लागेल."

मी मनात हिशेब करत होतो. गोळी पोटात असली तर अस्वल लांब जात नाही. पहिल्या दाट झाडीत बसतं. चार तास, आठ तास, कधी दोन दिवस जगतं. आणि जे जवळ येईल त्याच्यावर जातं. मी स्वतःला सांगत होतो की तिकडे कुणी जात नाही. रात्री एकटा जाईन, शोधेन, संपवीन.

तौनोने घड्याळात पाहिलं. "लेम्पी निघालीसुद्धा असेल. निरोप आला की बाहेर. लाल बेरी पिकल्यात म्हणत होती."

"कुठे गेली?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? पन्नास वर्षं एकाच जागी जाते. ओढ्यापलीकडे, दलदलीच्या टोकाला."

"तिला फोन कर."

"फोन स्वयंपाकघरात असतो. भाकरीच्या डब्यावर. का रे?"

मी उभा राहिलो. कॉफी पायावर सांडली ते नंतर कळलं.

"मी जागा सोडली होती," मी म्हणालो. "ओढ्याकाठच्या दगडावरून झाडली. अस्वल दक्षिणेला गेलं. पोटात लागलीय."

मग राइयाने हात पुढे केला. मी पुन्हा बोल्ट काढून तिच्या तळव्यावर ठेवला. तौनो तोवर दारात होता, मुस्तीची दोरी मनगटाला गुंडाळत. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवून तो एवढंच म्हणाला, "चुकलो गं."

नियमाप्रमाणे जागा मला दाखवायची होती. म्हणून मी पुढे. हातात बंदूक होती, पण बोल्ट नसलेली बंदूक म्हणजे काठी. मागे मुस्तीसह तौनो आणि उजवीकडे राइया; बाकीचे रस्त्यावर थांबले. दलदलीत पाय पिंडरीपर्यंत रुतत होते. बाहेर काढताना प्रत्येक पाय आवाज करत होता आणि प्रत्येक आवाजाला मी थांबत होतो. जिथे अस्वल होतं तिथे शेवाळावर काळपट रक्त होतं, आणि त्यात पोटातलं हिरवट काही. मी बोटाने दाखवलं. मुस्ती आता ओढत नव्हती. अंग जमिनीला लावून एक-एक पाऊल टाकत होती.

स्प्रूसची झाडी तीस पावलांवर. आत काही दिसत नव्हतं. खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता. माझा वास त्याला कधीच पोचला असणार, हे मला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

"हाका मारू नकोस," राइया कुजबुजली. "उजवीकडून वळसा घेऊ आणि तिला पलीकडून काढू."

मी ऐकलं. समजलंसुद्धा. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "लेम्पी!" भीतीने निघालं, दुसरं कारण नाही.

"ओ!" पलीकडून आवाज आला, अगदी जवळून, मजेत. "कोण ते? आर्वो? आले रे, आले!"

आणि फांद्या हलण्याचा आवाज. ती आमच्याकडे यायला निघाली होती, सरळ, झाडीतून.

"लेम्पी, थांब! तिथेच थांब!"

"अरे, बादली घेऊ दे की!"

"बादली राहू दे! हलू नकोस! अस्वल आहे!"

आवाज थांबला. सगळंच थांबलं. मग झाडीच्या आत, तिच्या आणि आमच्या मध्ये, कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला.

ते गुरगुरलं नाही. फांद्या फुटल्या आणि ते बाहेर आलं, खाली झुकून, रुंद, माझ्याकडे. मी हातातली बंदूक खांद्याला लावली आणि घोडा दाबला. काही झालं नाही. मी पुन्हा दाबला. तौनोने दोरी सोडली होती. मुस्ती अस्वलाच्या मागच्या मांडीला लटकली, ते क्षणभर वळलं, आणि राइयाने त्याच्या बगलेत गोळी घातली. मग दुसरी.

नंतर मी मोजलं. माझ्यापासून अकरा पावलं.

राइया बराच वेळ बंदूक रोखून उभी होती. मग जवळ गेली, काठीने डोळ्याला स्पर्श केला आणि मला बोलावलं.

"हात लाव," ती म्हणाली.

पोटाच्या मागच्या बाजूला माझ्या गोळीचं भोक होतं. त्याच्या भोवतीची लव त्याने चाटून चाटून ओली केली होती. मी हात लावला. गरम होतं.

"चार तास वीस मिनिटं," राइया म्हणाली. दवाखान्यात वेळ सांगतात तशी.

लेम्पी बादली घेऊन वळसा घालून आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, डोक्याला रुमाल. तिने अस्वलाकडे पाहिलं, मग आली त्या झाडीकडे पाहिलं आणि बादली खाली ठेवून तिच्यावरच बसली.

"हे सगळा वेळ तिथे होतं?" तिने विचारलं. "मी गाणं म्हणत होते," ती म्हणाली. "सकाळपासून गाणं म्हणत होते."

राइयाने रस्त्यावर जाऊन, जिथे रेंज येते तिथून, पोलिसांना फोन केला आणि काही न गाळता सगळं सांगितलं. परवान्याचं काय ते अजून त्यांच्याकडे आहे. मंडळातून माझं नाव त्याच संध्याकाळी गेलं.

मला वाटलं, तेवढ्यावर संपलं. पण अस्वल ओढून नेताना तौनो म्हणाला, "पहिली गोळी ज्याची, अस्वल त्याचं."

"राइयाने मारलं," मी म्हणालो.

"पहिलं रक्त तुझं. कवटी तुझी."

हे आमच्याकडे फार जुनं आहे. सप्टेंबरात गावच्या सभागृहात अस्वलाचं जेवण होतं. सगळं गाव येतं. कवटी टेबलावर ठेवतात, आणि ज्याचं अस्वल त्याने शिकार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. काही गाळलं तर अस्वल परत येतं, असं म्हातारे म्हणतात. मग कवटी पाइनच्या झाडाला बांधायची.

जेवणाच्या आदल्या दिवशी मी राइयाकडे गेलो. म्हणालो, मी आता मंडळात नाही, दुसऱ्या कुणाला सांगू दे.

ती लाकडं फोडत होती. थांबली नाही. "हा नियम तू लिहिलेला नाहीस," ती म्हणाली. "हा मोडता येणार नाही."

सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. रश्शाची वाफ खिडक्यांवर जमली होती. कवटी उकळून पांढरी केलेली, तोंड माझ्याकडे. पहिल्या रांगेत लेम्पी, शेजारी तौनो, त्याच्या पायाशी मुस्ती. कुत्रीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चमचे थांबले. माझे हात थरथरत होते. दलदलीत थरथरले नव्हते इतके.

मी ते टेबलावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

"बर्चपासून साठ पावलं," मी म्हणालो.