तांदळाच्या डब्यातली हार्ड डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. वरठीला तेजरामच्या घरी राहते. मी चोर आहे की कोणाची ठेव, हे मला अजून समजलेले नाही. तुम्हाला समजले तर सांगा.

मी कामाला लागले ती नागपूरच्या एका वसतिगृहात. तेजरामची मुलगी रश्मी तिथे शिकत होती. तिला जपानी कार्टून मालिकांचे वेड. त्या काळी त्या सरळ मार्गाने बघायला मिळत नसत. पडद्यावर यायचे, 'तुमच्या देशात उपलब्ध नाही.' मग कोणीतरी कुठून तरी त्या उतरवून घ्यायचे. परदेशातले कोणी फुकट बसून खाली इंग्रजी ओळी लिहायचे. ते सगळे माझ्यात यायचे. मुली मला हातोहात नेत. "खजिना आहे हा," रश्मी म्हणायची. मला बरे वाटायचे.

सुट्टीत तिने मला घरी आणले. तिची आई निर्मलाबाई पोलाद कारखान्यातल्या कामगारांचे डबे करायची. दुपारी डबे गेले की ती रश्मीजवळ बसायची. मालिका होती नाव वल्हवणाऱ्या एका मुलीची. तिचा भाऊ नदीपलीकडे गेला तो परतलाच नव्हता. आईला इंग्रजी येत नसे, म्हणून रश्मी खाली मराठी ओळी टाइप करू लागली.

"काय म्हणून राहिली व ते पोरगी?"

"म्हणते, कृपया लवकर परत या."

"भावाले असं कोणी बोलते का? लिही, लवकर ये बाबू, भात थंडा होऊन राहिला."

"आई, भाताचं नावच नाही त्यात!"

"काहून? जपानात भात नाही खात का?"

रश्मीने हसत तसेच टाइप केले. बाराही भागांच्या ओळी निर्मलाबाईने अशाच सांगितल्या. तेजराम ड्युटीवरून आला की जेवता जेवता बघायचा आणि म्हणायचा, "जपानी लोक आपल्यासारखेच बोलते बा."

मग निर्मलाबाई गेली. काविळीचे निमित्त झाले. तेजराम दर रविवारी मला टीव्हीला जोडायचा. चित्राकडे त्याचे लक्ष नसायचे. खालच्या ओळी वाचायचा.

रश्मी आता पुण्यात कार्टून काढणाऱ्या एका कंपनीत आहे. दोन वर्षे खपून त्यांनी केलेली मालिका प्रदर्शित झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फुकटच्या साइटवर आली. कंपनीने पुढचे काम बंद केले. रश्मीच्या चार सोबतिणी घरी बसल्या. ती वरठीला आली आणि म्हणाली, "बाबा, ती डिस्क पुसून टाकते. चोरीचा माल आहे तो."

माल तोच होता, मित्रांनो. खजिना म्हणणारे तोंडही तेच.

 त्या रात्री तेजरामने मला पिशवीत बांधले आणि तांदळाच्या डब्यात खुपसले. तिसऱ्या दिवशी रश्मी भात लावायला गेली, तेव्हा मी तिच्या हाताला लागले.

"बाबा! हे काय?"

"तुझी माय आहे त्यात. पुसू नोको."

चित्र पुसले की ओळीही जातील, असे त्याला वाटत होते. रश्मीने त्याला जवळ बसवून दाखवले. चित्रांच्या फाइली मोठमोठ्या, ओळींच्या वेगळ्या, अगदी बारीक. "हे दुसऱ्याचं," ती म्हणाली. "हे आईचं."

तिने चित्रे पुसली. ओळी ठेवल्या, कागदावर छापूनही आणल्या. ती मालिका आता पैसे भरून ॲपवर मिळते, पण मराठी ओळी तिथे नाहीत. रश्मीने ती लावली. तेजराम चष्मा घालून कागदावरून मोठ्याने वाचू लागला.

"बाबा, मागे पडले तुम्ही."

"थांब व. तुझी माय घाईत नाही बोलत होती."

नावेतली मुलगी पलीकडे बघत उभी राहिली, तेव्हा तो थांबला. रश्मीने चित्र थांबवले. कागदाकडे न बघता तो म्हणाला, "लवकर ये, भात थंडा होऊन राहिला."

कागदावर 'बाबू' होते. तो शब्द त्याने म्हटला नाही.

मित्रांनो, तेव्हा वसतिगृहातल्या मुलींजवळ दुसरा रस्ता नव्हता, हे खरे. रश्मीच्या सोबतिणी घरी बसल्या, हेही खरे. या दोन्हींचा मेळ मला लागत नाही. दुसऱ्याची मेहनत माझ्यासारख्या डिस्कमध्ये भरताना ती कोणाची आहे, हे विचारा. आणि जुनी डिस्क पुसण्याआधी तिच्यात कोण बोलते आहे, हेही एकदा बघा. मी आता जवळजवळ रिकामी आहे. बारा बारीक फाइली तेवढ्या आहेत. तेजराम मला अजून तांदळाच्या डब्यातच ठेवतो.