धाकटीचं काळीज

ताईच्या छातीत धडधड व्हायची आणि घरादाराला त्याची सवय झाली होती. जिना चढली की धडधड, फोन वाजला की धडधड. धाकटी बहीण घरं रंगवायचं काम करायची. दिवसभर शिडीवर उभी राहून ती छतं रंगवायची आणि दुखणंखुपणं तिला ठाऊकच नव्हतं. वर्षभरात दुपारपर्यंतच तिचा दम संपू लागला होता, पण पन्नाशी उलटल्यावर असंच व्हायचं, म्हणून तिने तिकडे कानाडोळा केला.

शेवटी तीच ताईला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. ईसीजीच्या वायरी बघून ताईने खुर्चीचे हात घट्ट धरले. चालू आहे तेही बंद पडेल, म्हणून ती खुर्चीतून उठेना. धाकटीने हसत चपला काढल्या आणि स्वतःच आडवी झाली. आधी माझा काढा, म्हणजे हिची भीती मोडेल, असं तिने सांगितलं.

कागद बाहेर आला. डॉक्टरीणबाईंनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला, मग धाकटीचं मनगट धरून घड्याळाकडे बघत ठोके मोजले.

"छातीत काही जाणवतं?"

"काहीच नाही."

ताईचा कागद नंतर निघाला. अधूनमधून एखादा जादा ठोका, भिण्यासारखं काही नाही. धाकटीच्या ठोक्यांत मात्र कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता.

चार दिवसांनी हृदयाच्या डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून तिला पडद्यावर तिचं काळीज दाखवलं. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. वरचे कप्पे नुसते थरथरत होते, आणि खालचे जमेल तसं रक्त पुढे ढकलत होते. धाकटी बघतच राहिली. आपण जेवलो, भांडलो, घोरत पडलो, आणि याने एका दिवसाची रजा घेतली नाही! थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूत गेली तर अर्धं अंग लुळं पडतं, असं डॉक्टर समजावत होते. काहींना धडधडीने जीव नकोसा होतो, काहींना कणभरही कळत नाही. धोका मात्र न कळणाऱ्यालाही असतो. तिचा दम संपायचा तो याच्यापायीच.

रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली, ठोक्यांचा वेग आवरणारी दुसरी. पडून लागलं तर रक्त लवकर थांबणार नाही, म्हणून तिने शिडी सोडली आणि भिंती तेवढ्या रंगवायला घेतल्या. ठोके वेडेवाकडेच राहिले, पण दोन महिन्यांत दम संध्याकाळपर्यंत पुरू लागला.

पुढच्या तपासणीला तिने ताईलाही आत बोलावून घेतलं. ताई पडद्याजवळ गेली आणि तिचा आवाज आपोआप खाली आला.

"एवढं सगळं आत चाललंय, आणि तुला पत्ताही नाही?"

"नव्हता गं," धाकटी म्हणाली. "बघ ना, किती राबतंय."

दोघी बघत राहिल्या. डॉक्टरांनीही यंत्र लगेच बंद केलं नाही.