हैदराबादची प्रत

माझी बायको यमू रामटेककडची. तिच्या शेवटच्या आजारपणात खाटेजवळ बसून मी तिच्या तोंडचे तिकडच्या बोलीतले शब्द अर्थासकट थेट संगणकात भरले. ती गेल्यावर माझी पुतणी अस्मिता हिने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चालवून ते इंटरनेटवर चढवले.

"काका, आता तुमचे शब्द मुंबईच्या सर्व्हरवर आहेत आणि त्यांची प्रत हैदराबादले. मुंबई बुडाली तरी भ्यायचं नाही."

मग मला शंका येऊ लागल्या. हा अर्थ तिने सांगितला, की मीच लावला? मंगळवारी मी शंकेचे तीनशे शब्द पुसून टाकले. आमच्या कचेरीत मूळ कागद फाडला तरी कार्बनची प्रत फाइलीत राहायची. हैदराबादचीही तशीच राहील, असं मी धरून चाललो होतो.

काल माझ्या सांगण्यावरून अस्मिताने हैदराबादची प्रत पाहिली. तिथेही ते शब्द नव्हते.

"इकडे पुसलं का तिकडे लगेच पुसल्या जाते, काका. बॅकअप वेगळा घ्या लागते. तो मी या रविवारी घेणार होती. तुम्ही काहून घाई केली?"

मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

"आठवतात तेवढे सांगा, मी टाईप करते."

एक शब्द आठवला. भाजी जराशी करपली की यमू तो म्हणायची.

"अर्थाची खात्री नाही," मी म्हणालो.

"मग शंकेसाठी वेगळा रकाना करते. तुमच्यासाठी तो लागनच."

तिने रकाना केला. मी तो शब्द सांगितला. पुढचा आठवेना, तरी ती कीबोर्डवर बोटं ठेवून बसून राहिली.