बेलच्या तारेचा काउंटर

आमच्या डिझायनरला सगळे चिक्कूशेठ म्हणत आणि तो ते पदवीसारखं मिरवायचा. त्याचं काम नेटवर्क स्विचची मेमरी वाचवण्याचं. स्विचमध्ये तारातारांतून डेटाची पाकिटं येतात आणि पुढची वाट मोकळी होईपर्यंत मेमरीत थांबतात; तिथे जागा नसेल तर हरवतात. पूर्वी प्रत्येक तारेला स्वतःची राखीव जागा असे. चिक्कूशेठनं सगळ्यांना मिळून एकच सामाईक जागा दिली आणि निम्म्या मेमरीत भागवलं. तेवढ्यावर त्याचं समाधान होईना. कमी बोलणाऱ्या तारांची उरलीसुरली राखीव जागाही त्यानं काढली आणि त्यांची किती पाकिटं हरवली हे मोजणारा काउंटरसुद्धा.

"जी दिवसातून चारदा तोंड उघडते, तिचं हरवून हरवणार काय?"

आम्ही हसलो आणि सह्या केल्या.

स्विच एका हॉस्पिटलात बसला. तिथली सगळ्यात अबोल तार होती रुग्णांच्या बेलची.

एका दुपारी खालच्या मजल्यावरून स्कॅनच्या चित्रांचा लोंढा आला आणि सामाईक जागा तुडुंब भरली. नेमकी तेव्हाच नऊ नंबरच्या म्हाताऱ्यानं तीनदा बेल दाबली. खाटेच्या यंत्रात तिन्हींची नोंद झाली, नर्सच्या टेबलावर एकही वाजली नाही. म्हातारा गेला.

चौकशी नर्सची लागली. ती आमच्या ऑफिसात आली तेव्हा हातात आमच्याच स्विचनं छापलेला अहवाल होता.

"दादा, बेल वाजली असती तर मी बसून राहिले असते का? पण यात लिहिलंय, हरवलेली पाकिटं शून्य. म्हणजे वाजली आणि मी उठले नाही, असंच ना?"

जिथे काउंटर नाही, तिथे अहवाल आपोआप शून्य छापतो. तिला सोडून खोलीतल्या तिघांनाही ते ठाऊक होतं.

"मशीनचा आकडा आहे, सिस्टर," आमचे साहेब गोडीत म्हणाले. "मशीनला कुणाशी वैर नसतं."

ती चिक्कूशेठकडेच बघत राहिली. त्यानं पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

"असंच असेल," तो म्हणाला.

मी खिडकीचा पडदा नीट केला. तो नीटच होता.

"मग डोळा लागला असेल माझा," ती हळूच म्हणाली. "डबल ड्यूटी होती." कागदाची घडी पर्समध्ये ठेवून, थँक्यू म्हणून ती गेली.

पुढच्या मॉडेलमध्ये चिक्कूशेठनं काउंटर गुपचूप परत घातला. चार बाइट लागले.